खापरावरचे नाव

आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर पितळेचा एक मोठा डबा आहे. त्याच्या खांद्यावर, झाकण बसते त्याच्या बोटभर खाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आहे : ‘सौ. द्वारकाबाई’. आमच्या घरात गेल्या चार पिढ्यांत कोणी द्वारकाबाई झाल्याचे कोणाला आठवत नाही. आईचे म्हणणे असे की, कुठल्याशा लग्नात भांडी गोळा करताना अदलाबदल झाली आणि आमचा डबा द्वारकाबाईंकडे गेला, त्यांचा आमच्याकडे आला. काकांच्या मते आजोबांनी तो मोडीच्या भावात घेतला. दोघांकडेही पुरावा नाही, आणि वादही दिवाळीच्या साफसफाईपुरताच असतो. हा डबा मला घराबाहेर एकदाच आठवला, तो तमिळनाडूतल्या कीळडी या गावी, काचेच्या पेटीतल्या एका खापरासमोर उभा असताना.

कीळडी मदुराईच्या आग्नेयेला साधारण १२ किलोमीटरवर आहे. जिल्हा मात्र शिवगंगा. रामेश्वरमकडे जाणाऱ्या बसने सिलैमानपाशी उतरायचे आणि तिथून रिक्षा करायची. गावाच्या नावात तमिळमधले ते खास अक्षर आहे, ज्याचा उच्चार आपल्या ळ आणि य यांच्या मध्ये कुठेतरी होतो आणि मराठी माणसाच्या जिभेला दोन दिवसांत तरी जमत नाही. म्हणून मी आपला ळ वापरतो. ‘कीळ’ म्हणजे खालचे, आणि ‘कीळ’ म्हणजे पूर्वेचेही, कारण त्या प्रदेशाचा उतारच पूर्वेच्या समुद्राकडे आहे. गावाजवळून वैगई वाहते असे लिहिण्याची पद्धत आहे, पण मी गेलो तेव्हा वैगई वाहत नव्हती. रुंद वाळवंट, त्यात बाभळीची झुडपे, मध्येच एक हिरवट डबके, आणि पलीकडे नारळाच्या बागा. वरुसनाडूच्या डोंगरात उगम पावून सुमारे २५० किलोमीटर येणारी ही नदी बहुतेक वर्षे समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. तिचे पाणी रामनाथपुरमकडच्या तलावांतच संपते. पेरियार नदीचे पाणी १८९५ साली बोगद्यातून डोंगराच्या अलीकडे वळवले गेले नसते, तर तिचे आजचे रूप आणखी केविलवाणे असते. अशा नदीच्या काठी अडीच हजार वर्षांपूर्वी विटांची घरे, पन्हळी आणि कारखानदारी असलेली वस्ती होती, हे वाळवंटाकडे पाहून पटत नाही.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेणसारवण, पडलेल्या मातीच्या भिंती आणि फुटकी भांडी मिसळून माती पांढुरकी होते, म्हणून ते नाव. जुन्या ओसाड गावठाणाची पांढरी माती पिकाला चांगली, हे शेतकऱ्याला पुरातत्त्वज्ञांच्या फार आधीपासून ठाऊक होते, आणि महाराष्ट्रातली कितीतरी प्राचीन टेकाडे बैलगाडीत भरून काळीत पसरली गेली ती यामुळेच. कीळडीच्या टेकाडाला ‘पळ्ळिच्चंदै तिडल’ म्हणतात. क्षेत्र साधारण ११० एकर. ते बैलगाड्यांतून गेले नाही, कारण त्यावर नारळ लागले. झाडांच्या मुळांनी वरचा थर धरून ठेवला आणि मालकांना खाली खणण्याचे कारण पडले नाही, विहीर सोडली तर.

पहिली बातमी आली ती अशाच एका विहिरीतून. १९७०च्या दशकात विहीर खणताना निघालेले तुकडे मुलांनी शाळेत आणले आणि तिथल्या एका शिक्षकांनी ते फेकून न देता जपून ठेवले, पुरातत्त्व खात्याला कळवले. पुढे चार दशके काहीच घडले नाही. मी स्वतः ३१ वर्षे शाळेत शिकवले आहे, आणि मुलांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलेल्या वस्तूंपैकी किती मी ‘जा, टाकून ये’ म्हणून परत पाठवल्या, याचा हिशेब आता लागणार नाही. त्या शिक्षकांविषयी मला आदर वाटतो, तो पुरातत्त्वापेक्षा या बाबतीत.

२०१३-१४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधीक्षक पुरातत्त्वज्ञ के. अमरनाथ रामकृष्ण यांनी वैगईच्या दोन्ही तीरांची पाहणी केली आणि उगमापासून मुखापर्यंत २९३ जागा नोंदवल्या. त्यांतून कीळडी निवडून २०१५पासून उत्खनन सुरू झाले. तमिळ प्रदेशात तोवर जे खणले गेले होते, त्यात दफनभूमींचा वाटा मोठा होता. ताम्रपर्णीकाठचे आदिच्चनल्लूर हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे १८७६ सालापासून अस्थिकुंभ निघत आहेत. मेलेल्यांचे सामान पुष्कळ सापडले होते. जगणाऱ्यांची घरे कुठे, हा प्रश्न शिल्लक होता. कीळडीने तो सोडवायला घेतला. पक्क्या विटांच्या भिंती, विटांची टाकी, उघड्या आणि झाकलेल्या नाल्या, भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी, भट्ट्यांचे अवशेष. छपराची कौले तर अशी की, कोकणातल्या माणसाने हातात घेऊन पाहावीत : दोरीने वाशाला बांधण्यासाठी वरच्या बाजूला दोन भोके, आणि पावसाचे पाणी निथळावे म्हणून ओल्या मातीत बोटे ओढून केलेल्या पन्हळी. त्या पन्हळीत मी मनातल्या मनात बोट ठेवून पाहिले. मधली तीन बोटे असावीत.

२०१८पासून तमिळनाडू राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतले. त्यांच्या पहिल्या, म्हणजे एकूण चौथ्या, हंगामातच ५,८२० वस्तू मिळाल्या आणि त्यांत तमिळ-ब्राह्मी, म्हणजे तमिळसाठी वळवलेल्या ब्राह्मी लिपीतली, अक्षरे असलेली ५६ खापरे होती. वस्तूंची यादी वाचताना सोने शोधणाऱ्याची निराशा होते. सोन्याचे मोजून सात तुकडे. बाकी टकळीला वजन देणाऱ्या मातीच्या चकत्या, विणकामासाठी टोकदार केलेली हाडे, तांब्याची सुई, मागावरच्या सुताला ताण देणारी वजने, काचेचे आणि दगडाचे मणी, हस्तिदंती फासे, आणि खापरांच्या कडा घासून गोल केलेल्या सुमारे ६०० चकत्या. या शेवटच्या वस्तूला अहवालात खेळाचे साहित्य म्हटले आहे. मराठीत त्यासाठी तयार शब्द आहे : ठिकरी. खडूने चौकोन आखून, लंगडी घालत, पायाने जी सरकवायची, ती. आमच्या अंगणात ती कौलाच्या तुकड्याची असे, आणि चांगली घासलेली ठिकरी दप्तरात लपवून ठेवावी लागे, कारण ती चोरीला जाई. मला संग्रहालय दाखवणाऱ्या बाई तिला ‘सिल्लु’ म्हणाल्या आणि एक पाय किंचित उचलून दाखवला. दुभाष्याची गरज पडली नाही.

या बाई त्याच गावच्या. तीन हंगाम त्यांनी खड्ड्यात काम केले होते, आता संग्रहालयाच्या आवारात साफसफाईला होत्या. मी त्यांना अक्का म्हणत होतो. त्या मला ‘सार’ म्हणत. माझे तमिळ चाळीस शब्दांचे आणि त्यांचे हिंदी त्याहून कमी, तरी खापरे धुण्याची रीत त्यांनी मला नीट समजावली. प्रत्येक चराची आणि प्रत्येक थराची टोपली वेगळी. खापरे पाण्यात भिजत घालायची, मऊ ब्रशने घासायची, आणि थराप्रमाणे आखलेल्या चौकोनांत उन्हात वाळत घालायची. एका चौकोनातले खापर दुसऱ्यात गेले, तर ते खापर मेले. ‘सेत्तु पोच्चु’, म्हणजे मेलेच, असा त्यांचाच शब्द. आणि अक्षरे असतील अशी शंका आली, तर ब्रश बाजूला ठेवून वरच्यांना हाक मारायची. त्यांच्या हाताखालून अक्षरे असलेले एक खापर गेले होते. काय लिहिले होते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘पेरु.’ नाव.

खापर हा शब्द मराठीत नको तितका राबवलेला आहे. दोष दुसऱ्यावर ढकलायचा, तर त्याच्या माथी खापर फोडायचे; पणजोबांच्याही मागे जायचे, तर खापरपणजोबा म्हणायचे. खापर आणि पूर्वज यांची गाठ या शब्दात कशी पडली, हे व्युत्पत्तीकारांनी सांगावे. मला त्या काचेच्या पेटीपुढे ती योग्य वाटली. खापर काळ्या-तांबड्या मडक्याचे होते, तळहाताएवढे. आतून काळे, बाहेरून तांबडे, आणि खांद्याच्या उतारावर टोकदार वस्तूने ओरखडलेली तीन अक्षरे : आ, द, न. आदन. दुसऱ्या एका खापरावर ‘कुविरन आदन’ आहे. ब्राह्मीचा ‘न’ म्हणजे एक उभी रेघ आणि तिला खाली आडवी बैठक. तमिळसाठी बनवलेल्या ‘न’च्या शेंड्याला जास्तीचा आकडा असतो. इथे तो आकडा काढताना हत्यार घसरले असावे, कारण रेघ थोडी लांब गेली आहे. कुंभाराने ओल्या मातीत नावे घातली असती, तर अक्षरे एका वळणाची आणि सफाईदार असती. ही तशी नाहीत. वेगवेगळ्या हातांची आहेत, काही चक्क वाकडी. म्हणून अभ्यासकांचे म्हणणे असे की, भांडे विकत घेतल्यानंतर मालकानेच त्यावर आपले नाव ओरखडले. म्हणजे लिहिता येणारा माणूस राजाचा लेखनिक किंवा मठातला भिक्षू नव्हता, घरात मडके असलेला कोणीही होता. कीळडीतून निघालेल्या सगळ्या निष्कर्षांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, पण भांडण झाले ते त्यावर नाही, सनावरून झाले.

सनाची गोष्ट अशी. केंद्रीय सर्वेक्षणाच्या काळात तपासलेल्या कोळशाच्या दोन नमुन्यांचे वय सुमारे २,२०० वर्षे भरले, आणि त्यावर कोणी भुवया उंचावल्या नाहीत, कारण तमिळ-ब्राह्मी अशोकानंतरची, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकानंतरची, हे मत रूढ होते. पुढे राज्य विभागाने सहा नमुने अमेरिकेतल्या मायामी येथील बीटा ॲनालिटिक प्रयोगशाळेकडे पाठवले. ३५३ सेंटिमीटर खोलीवरच्या एका नमुन्याचा काळ इसवी सनापूर्वी ५८० आला. २०१९च्या सप्टेंबरात अहवाल प्रसिद्ध झाला आणि लिपीचा व नागर वस्तीचा काळ एकदम इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात, म्हणजे गंगेकाठच्या नगरांच्या बरोबरीला जाऊन बसला. हे अगदीच एकटे उदाहरण नव्हते. तमिळनाडूतल्याच पोरुंदल येथे दफनातल्या अक्षरांकित भांड्याजवळच्या भाताचा काळ इसवी सनापूर्वी ४९० आलेला होता. पण कीळडी मदुराईच्या उंबरठ्यावर, संगम साहित्यातल्या, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ काव्यातल्या, पांड्य राजांच्या राजधानीच्या शेजारी, त्यामुळे आवाज मोठा झाला.

कोळशाचे वय म्हणजे लाकूड मेल्याचे वय. खापरावर नाव कोरल्याचा दिवस त्यातून थेट कळत नाही. कोळसा आणि खापर एकाच न हललेल्या थरातले आहेत, हे उत्खनकाने दाखवावे लागते, आणि अक्कांच्या चौकोनांना महत्त्व आहे ते याचसाठी. शिवाय इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात कार्बन मापनाचा आलेख जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे त्या टप्प्यातला एक आकडा दोनतीनशे वर्षांच्या पट्ट्यात कुठेही बसू शकतो. ५८० हा आकडा खोटा नाही. तो फक्त बोट ठेवून दाखवण्याइतका टोकदार नाही. ही शंका घेणे म्हणजे तमिळांच्या प्राचीनतेचा अपमान नव्हे, आणि ती घेतली म्हणून उत्खनन निकालात निघत नाही. पण सध्या दोन्हीकडे तसेच समजले जाते.

मधल्या काळात २०१७मध्ये अमरनाथ रामकृष्ण यांची आसामात बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांच्या तिसऱ्या हंगामात विटांच्या बांधकामाचा पुढचा भाग आढळला नसल्याचे सांगण्यात आले, मदुराईत आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पहिल्या दोन हंगामांचा ९८२ पानांचा अहवाल रामकृष्ण यांनी २०२३च्या जानेवारीत सादर केला. त्यात वस्तीचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात धरला आहे. २०२५च्या मे महिन्यात सर्वेक्षणाने त्यात सुधारणा मागितल्या, त्यांनी आपले निष्कर्ष बदलायला नकार दिला आणि पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा बदली झाली. चेन्नई म्हणते, दिल्लीला आमचा इतिहास नको आहे. दिल्ली म्हणते, पुरावा आणखी हवा. मला वाटते, अहवाल जसा आहे तसा छापावा आणि मग त्यावर हवी तेवढी टीका करावी. न छापलेल्या अहवालाला उत्तर देता येत नाही, आणि त्याला पाठिंबाही आंधळाच राहतो.

गंमत अशी की, खापरे स्वतः दोन्ही पक्षांना पुरती साथ देत नाहीत. आदन हे तमिळ नाव, पण त्याच उत्खननातून ‘तिसन’ असेही नाव निघाले आहे आणि ते उघडच प्राकृत वळणाचे आहे. ‘कुविरन’मध्ये कुबेर दिसतो असे मानणारे विद्वान आहेत. तांबड्या अकीकाचे मणी गुजरात-महाराष्ट्राकडून आले असावेत, असा राज्य विभागाच्याच अहवालातला अंदाज आहे. म्हणजे वैगईकाठच्या बाईच्या गळ्यातला मणी कदाचित आमच्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळीत तयार झाला असेल. उलट दिशेने पाहिले, तर सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेतला लेख आहेच. पूजेची निश्चित वस्तू इथे सापडली नाही, यावरूनही मोठमोठी विधाने केली जातात, ‘हे धर्माविना नगर होते’ वगैरे. ११० एकरांतले अगदी थोडे खणले गेले आहे. आमच्या वाड्याचे कोठीघर आणि मोरी एवढेच कोणी खणले, तर आम्हीही नास्तिक ठरू.

पुण्याचा संबंध मला अहवाल वाचताना कळला. चौथ्या हंगामातले हाडांचे ७० तुकडे ओळख पटवण्यासाठी डेक्कन कॉलेजात पाठवले होते. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीवरून मी वर्षानुवर्षे बसने गेलो आहे. इनामगाव आणि नेवासे खणणाऱ्यांची ती संस्था. तुकडाभर हाडावरून गाय की म्हैस हे सांगणारी माणसे तिथे घडली. कीळडीच्या हाडांत त्यांना गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, नीलगाय, काळवीट, रानडुक्कर आणि मोर सापडले. निम्म्याहून अधिक हाडे पाळीव गुरांची. मी ही यादी अक्कांना सांगितली. मोर ऐकून त्या हसल्या आणि त्यांनी बागेकडे हात केला. मोर आजही येतात आणि भुईमूग उकरतात. काळवीट मात्र त्यांनी पाहिलेले नव्हते.

संग्रहालय २०२३च्या मार्चमध्ये उघडले. चेट्टिनाड घरांच्या धाटणीचे आहे, चौक, खांब आणि लाल कौले असलेले, आणि सरकारी संग्रहालयाच्या मानाने फारच देखणे. शेजारच्या कोंदगै गावी याच वस्तीची दफनभूमी निघाली आहे, मोठमोठे अस्थिकुंभ. तिथल्या दोन कवट्यांवरून इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठाने २०२५मध्ये चेहरे उभे केले. मी ती चित्रे फोनवर पाहिली. हाडांवरून जबडा आणि नाक कळते. नजर मात्र कलाकाराने दिलेली असते. त्या चेहऱ्यांपेक्षा मला ‘न’वर घसरलेली रेघ अधिक ओळखीची वाटते.

आणि तरीही माळ्यावरचा डबा मला स्वस्थ बसू देत नाही. आपण म्हणतो, खापरावर आदन लिहिले आहे, म्हणजे इथे आदन राहत होता. आमच्या घराचे कधी उत्खनन झाले, तर निष्कर्ष निघेल की, पुण्याच्या या घराची मालकीण द्वारकाबाई होती. भांडी फिरतात. लेकी सासरी नेतात, व्यापारी भरून नेतात, लग्नात बदलतात, चोर पळवतात. आदन कीळडीचा असेल, किंवा त्याचे मडके फक्त इथवर आले असेल. एवढे नक्की की, ते कुणाचे आहे हे ठरवण्याची त्याला गरज वाटली, आणि ते लिहून ठरवता येते हे त्याला माहीत होते. भोवतालच्यांना वाचता येत नसते, तर त्याने एवढे श्रम घेतले नसते.

संध्याकाळी अक्कांनी मला आवाराबाहेर नेले. छपराखाली उघडे ठेवलेले चर पर्यटकांसाठी आहेत; सुरुवातीच्या हंगामांतले बरेच खड्डे बुजवून जमिनी मालकांना परत दिल्या गेल्या. बुजवण्यापूर्वी अवशेषांवर प्लास्टिक अंथरतात, म्हणजे पुढे खणणाऱ्याला आधीच्या हाताची हद्द कळते. मग तीच उपसलेली माती परत आत. उपसायला जी मजुरी तीच बुजवायला, असे त्या म्हणाल्या. पण बुजवताना कंबर कमी दुखते. नारळीच्या एका ओळीपाशी थांबून त्यांनी पायाने जमिनीवर रेघ मारली : इथून तिथवर विटांची नाली आहे, खाली, पुरुषभर. मालकाने त्या दिवशी पंप लावला होता. बागेचे पाणी मातीच्या पाटातून त्या रेघेला आडवे कापत पुढच्या आळ्यांकडे चालले होते, आणि आमच्या दोघांच्या चपला ओल्या झाल्या म्हणून त्यांनी मला बांधावर चढायला सांगितले.